मधोमध अजान असलेली कॅसेट

काय म्हणावं या रबाबला! इतकी वर्षं मला डांबराच्या गोळ्यांच्या वासात कपाटात कोंडून ठेवलं, कधी साधी विचारपूस नाही. आणि आता कुवेतहून सुट्टीला आली आहे, तर म्हणते, "हिला जरा साफ करून घेते." साफ! मी काय ओट्यावरचं फडकं आहे?

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. अलेक्झांड्रियात, अन्फूशीच्या मासळीबाजारामागे, रबाबच्या आईच्या म्हणजे हाज्जा नझलाच्या घरी माझा जन्म गेला. शाळा मी पाहिली नाही. जी काही बोली आहे ती हाज्जाकडून उचललेली, तेव्हा थोडी तिखट लागली तर सांभाळून घ्या.

मला घडवलं दूर पूर्वेकडच्या कुठल्याशा कारखान्यात. पोटात काळी चकचकीत फीत, अंगावर पारदर्शक कागद. रबाबच्या चुलतबहिणीचं लग्न माझ्यावर भरून घ्यायचं म्हणून मला पोर्ट सईदहून आणलं. पण लग्न तोंडावर असताना रबाबने मला व्हीसीआरमध्ये ढकललं आणि त्या दिवशीचा 'दूरचा किनारा' भरून घेतला. ताऱ्यांमधून जाणाऱ्या यानाची ही मालिका, आणि रबाबचा त्यात जीव. वर कुणी पुसू नये म्हणून तिने माझ्या कडेवरचा प्लास्टिकचा दात सुरीने तोडला. तो नसला की माझ्यावर नवं काही भरता येत नाही. मला एकच दात होता, मित्रांनो. पण खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. लग्नं काय, सगळ्यांची सारखीच असतात.

तो भाग रबाबला तोंडपाठ. पण सरळ बघेल तर शपथ! तिच्या आवडीच्या जागा ठरलेल्या. कप्तान जुमाना चहा ओतते आणि चहा कपात न पडता गोल गोल थेंब होऊन हवेत तरंगतो; ती ते माशासारखे तोंडाने टिपते. इथे रबाब हसणार, मला मागे फिरवणार, पुन्हा हसणार. मग यंत्रमानवाला मागे ठेवून यान निघतं आणि तो काचेला आपला लोखंडी पंजा टेकवतो. इथे नाक ओढणार, पुन्हा मागे.

तिसरी जागा कप्तानच्या आईची. ती पृथ्वीवरून यंत्रात विचारते, "पोरी, जेवलीस का?" यान इतकं लांब गेलेलं, की उत्तर यायला वर्षं लागतात. आणि नेमकी तिथेच संध्याकाळच्या मगरिबची वेळ झाली. आमच्या टीव्हीवर अजानला मालिका थांबते. मशिदीचं चित्र येतं, अजान पुरी होते, मग पुढची गोष्ट. रबाब बटण बंद करायला विसरली आणि अजानही माझ्या पोटात गेली. ती संपली की पडद्यावर केस पांढरे झालेली आई दिसते आणि लेकीचा आवाज येतो, "जेवले, आई. तू?"

याच अजानने घात केला. रमजान चालू होता. बाहेर हिवाळी वादळ, समुद्र पार रस्त्यावर आलेला, भर दुपारी आभाळ तव्याच्या बुडासारखं. हाज्जा स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत भात भरत होती. तिथली खिडकी इमारतीच्या अंधाऱ्या चौकात उघडते, तिथून दिवस-रात्र काय कळणार? इकडे रबाबने मला लावलं, आवाज मोठा ठेवून. अजान झाली. हाज्जाने बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकला आणि वर पाण्याचा पेला रिकामा केला.

मग तिने विचारलं, "रबाब, आज रोजा सोडायची तोफ का नाही वाजली गं?"

रबाब पांढरीफटक पडली. "आई... तू काय खाल्लंस?"

"खजूर. का?"

"सूर्य अजून वर आहे, आई. ती अजान कॅसेटमधली होती."

तेवढ्यात चौकातून खालच्या मजल्यावरची उम्म हमदी ओरडली, "हाज्जा, तुमच्याकडची अजान ऐकून मी चिंचेचं सरबत प्यायले! माझ्या रेडिओवर तर अजून बातम्या चालल्यात!"

"प्यायलीस ना? मग आता मगरिबपर्यंत तोंड बंद ठेव," हाज्जा म्हणाली. "तेवढं तरी जमतंय का बघ!"

हाज्जाचा रोजा असा चुकीने कधी मोडला नव्हता. साऱ्या गल्लीला ती ते ऐकवायची. आता गल्ली तिला ऐकवणार होती. हात पुसत ती खोलीत आली.

"चिकटपट्टी आण."

"कशाला?"

"मला अडाणी समजतेस? दाताच्या भोकावर पट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते. हिच्यावर आता शेखसाहेबांचं प्रवचन भरते."

"आई, तो भाग परत नाही गं लागणार."

"गेलेला नवरा परत आला नाही, तुझा भाग कुठला यायला!"

पट्टी लागली. लाल बटणावर हाज्जाचं बोट गेलं. मित्रांनो, फुटले असते तर निदान फुटलेली मीच असते. पुसल्यावर मी कोण? रबाब ओठ दाताखाली धरून उभी राहिली. तिच्याकडे बघून हाज्जाचं बोट थबकलं.

"चोराचंही एकदा ऐकून घेतात. दाखव, एवढं काय आहे हिच्यात."

तरंगता चहा बघून ती म्हणाली, "साखर घातली असती तर बसला असता खाली." यंत्रमानवाला म्हणाली, "भांड्यांसाठी कोण रडतं?" मग ती आई आली. जेवलीस का, म्हणाली. अजान लागली. हाज्जाचे ओठ अजानबरोबर हलू लागले आणि डोळे पडद्यावरून हलेनात. तिचा नवरा होता तेव्हा मासेमारीच्या होडीवर जायचा. वादळात होडी बाहेर असली की खिडकीत बसून तिने किती अजाना ऐकल्या असतील, तिचं तिलाच ठाऊक. उत्तर आलं. पडद्यावरची आई हुंदके देऊ लागली.

"आता कशाला रडतेस बये, आलं ना उत्तर!" हाज्जा तिच्यावरच खेकसली. मग तिने नखाने माझी चिकटपट्टी उचकटली आणि रबाबला म्हणाली, "मागे घे जरा."

रोजा तिने ईदनंतर भरून काढला. उम्म हमदीलाही सोडलं नाही, तिलाही तेव्हाच धरायला लावला.

पुढे रबाब लग्न होऊन कुवेतला गेली आणि मी हाज्जाची झाले. तिला चहा नको, यंत्रमानव नको, सरळ आईपाशी जायचं. लेकीचा शुक्रवारचा फोन आला नाही की मी व्हीसीआरमध्ये. त्या जागी माझी फीत इतकी घासली, की पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटू लागल्या. दुसरं बक्षीस मला कुणी दिलं नाही. त्या रेघाच माझं बक्षीस. नंतर व्हीसीआर बिघडला, तो दुरुस्त करणारा मिळेना, आणि मी कपाटात गेले.

आज रबाब दुकानात विचारून आली. काय तिचा उत्साह! "आई, सगळा भाग फोनमध्ये घेता येतो. रेघा पुसून देतात, मधली अजान कापून टाकतात. म्हणजे प्रश्न विचारला की लगेच उत्तर. एकदम स्वच्छ!"

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. धूळ झटका, बुरशी पुसा. पण कात्री लावण्याआधी ती वस्तू कोणाच्या हातात असायची ते आठवा आणि त्या माणसाला विचारा. माझं नशीब, हाज्जाला विचारावं लागत नाही. तिने हात पुढे करून मला मागून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि लेकीकडे बघितलं.

"फोनमध्ये घाल, नाही म्हणत नाही. पण अजानला हात लावायचा नाही. लगेच उत्तर म्हणे! लेक एवढी लांब, आणि उत्तर लगेच? मी इतके शुक्रवार फोनपाशी बसून काढले, रबाब. त्या बाईलाही बसू दे तेवढं."