मार खाण्यात पहिली

त्रेसष्ट साली बंगळुरात, बसवनगुडीतल्या मुलींच्या शाळेत मारकुटेपणा मोजायला सगुणाबाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, जाड चष्मा आणि परदेशात शिकून आणलेला मऊ आवाज. सातवीच्या एकेका मुलीला खोलीत बोलावून त्या विचारीत, "वर्गात कोण मारतं? मार कोण खातं?" ज्या मुलीचं नाव येई तिला एक गुण.

मथुरेची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. विश्वस्त प्रतापरावांची राजलक्ष्मी वर्षभर तिचा छळ मांडून बसली होती. प्रार्थनेला डोळे मिटले की चिमटे, जेवणाच्या सुट्टीत डब्यात माती. घरी सांगावं तर आई म्हणे, "मोठ्या घरची आहे ती, स्वल्प सोसून घे."

"अक्का, कुणाला सांगणार नाही ना?" मथुरेनं विचारलं.

"कुणालाही नाही," सगुणाबाई म्हणाल्या, आणि मथुरेनं राजलक्ष्मीचं नाव घेतलं. वर्षात पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. एवढी शिकलेली बाई मोजतेय म्हणजे आता हे थांबणारच, अशी बिचारीची समजूत.

सगुणाबाईंनी आकडे मुख्याध्यापक भीमाचार्यांच्या हाती दिले, गुप्त ठेवा म्हणून बजावलं आणि पुढच्या शाळेची वाट धरली. त्यांचं काम मोजण्याचं. थांबवणं त्यात बसत नव्हतं. भीमाचार्यांनी "सरी, सरी" म्हणत होकारार्थी मान डोलावली. पण उभा जन्म निकाल लावण्यात गेलेला माणूस तो. गुण दिसले की त्यांचा हात आपसूक नंबर काढू लागे, आणि काढलेले नंबर जाहीर न करणं म्हणजे मुलींवर अन्याय.

सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी निकाल वाचला. "मारण्यात पहिली, राजलक्ष्मी. मार खाण्यात पहिली, मथुरा." टाळ्या पडल्या. प्रतापराव समोर खुर्चीत होते. मुलगी दोन्हींत पहिली कशी नाही, एवढंच त्यांनी विचारलं.

मथुरेला रडू कोसळलं. भीमाचार्यांना ते आनंदाश्रू वाटले. "नंबर असाच टिकव हो," म्हणत त्यांनी तिची पाठ थोपटली आणि शाळेच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही पहिल्या मुलींना पुढच्या बाकावर शेजारी बसायला सांगितलं. वार्षिक परीक्षेपर्यंत हा मान त्यांचा.

"ये की गं, बस," राजलक्ष्मी जरा सरकून म्हणाली. मुलींमधला तो जिव्हाळा पाहून भीमाचार्यांना अगदी भरून आलं.