माळ्यावरचे टायर

मास्तरांच्या घरात नवी वस्तू आणली म्हणजे वापरलीच पाहिजे, असा नियम नव्हता. नवी चादर आली की ती कपाटात जायची, आणि जुनी फाटून तिच्यातून गादी डोकवायला लागली तरी आई, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणायची, "अजून दोन धुणी निघतील." फुलाफुलांचे चांगले कप काचेमागे पाहुण्यांसाठी ठेवलेले असायचे. पाहुणे आले की आई म्हणायची, "आपलेच तर आहेत," आणि रोजच्याच कपांतून चहा द्यायची. मास्तरांना याबद्दल बोलायची सोय नव्हती, कारण तेही त्याच माळेचे मणी होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांनी हयातभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. गावातल्या निम्म्या लोकांना स्टिअरिंग धरायला शिकवलं ते त्यांनीच, आणि उरलेले निम्मे कसे चालवतात ते बघून मास्तर कपाळाला हात लावायचे. डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी शिकवणं थांबवलं, पाठोपाठ चालवणंही. घरची पांढरी गाडी तेवढी अंगणात उभी राहिली. मास्तर ती रोज पुसायचे आणि शेजारचा एक विश्वासू शिष्य आठवड्यातून एकदा तिला फिरवून आणायचा.

अशा घरात त्यांची एकुलती एक लेक राहायला आली. चार दिवसांसाठी नव्हे, कायमची. ती नर्स. लायसन्स हातात पडलं त्याच महिन्यात तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, मग तिथेच लग्न, तिथेच संसार. आता इथल्या हॉस्पिटलात जागा मिळाली म्हणून पाच वर्षांच्या मुलीला घेऊन ती पुढे आली होती. नवरा मागची आवराआवर करून यायचा होता. मास्तरांनी गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि दोन दिवस कुणी विचारलं नाही तरी सांगत सुटले, "गाडी आता लेक चालवते."

दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. रस्ता ओला होता. मुलीला शाळेत सोडायला निघालेली लेक पुलाच्या अलीकडे आली आणि एक सायकलवाला आडवा गेला. तिने ब्रेक दाबला. गाडी थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. ती मुकाट्याने, अगदी निवांतपणे पुढे सरकत राहिली आणि सायकलच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवरून मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "आई, परत कर ना!" लेकीने मात्र उरलेला रस्ता पहिल्या गिअरमध्ये काढला.

मुलीला शाळेत पोचवून ती गाडीपाशी आली आणि तिने पहिल्यांदा वाकून चाकांकडे बघितलं. बघताबघता तिला धान्याच्या गोदामामागचं मोकळं मैदान आठवलं. सुट्टीच्या सकाळी मास्तर तिला तिथे न्यायचे. लगेच गाडीत बसू द्यायचे नाहीत. आधी गाडीभोवती एक फेरी. "आधी पाय बघ, मग तोंड बघ," म्हणायचे. इंजिन म्हातारं झालं तरी ओढतं, काच फुटली तरी घरी पोचता येतं, पण जमिनीला लागतात ते हे चार तळवे, आणि थांबवायचं काम त्यांचं. मग खिशातून नाणं काढून टायरच्या खाचेत उभं धरायला लावायचे, जेवढं आत बुडेल तेवढं टायरचं आयुष्य. हवेचा दाब, कडेच्या भेगा, आणि शेवटी बाजूवरचे ते चार अंक, ज्यांत टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी जन्मला ते लिहिलेलं असतं. थंडीत दात वाजत असायचे आणि बाप विचारत असायचा, "सांग, याचं वय किती?" तेव्हा तिला वाटायचं, कुठून या माणसाच्या पोटी आले. आता तिने पर्समधून नाणं काढलं, खाचेत धरलं. नाणं जवळजवळ सगळंच बाहेर राहिलं. तिला एकदम रडू आलं, आणि ते भीतीचं होतं की त्या सकाळींसाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत ती टायरच्या दुकानात गेली. दुकानदार मास्तरांचा जुना विद्यार्थी. शिकताना त्याच्या हाताखाली गाडी उड्या मारत चालायची, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव बेडूक ठेवलं होतं. आता त्याचं पोट सुटलं होतं, पण बोलणं अजून उड्या मारतच होतं.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगतो, हे घ्या," तो एका रुंद, चमचमत्या टायरवर थाप मारत म्हणाला. "गाडीचा रुबाब बघा कसा वाढतो!"

"नाकापेक्षा मोती जड होईल," लेक म्हणाली. "गाडीच्या दाराच्या आत जो आकार लिहिलाय, तोच हवा."

"मग हे. स्वस्त आणि मस्त."

तिने त्यावरचे अंक वाचले आणि म्हणाली, "हे तर दुकानात बसूनच म्हातारे झालेत."

बेडूक ओशाळून हसला. "मास्तरांचीच लेक तुम्ही. काही चालू द्यायच्या नाहीत."

शेवटी तिने मधल्या किमतीचे निवडले. साधे, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेले, नुकतेच कारखान्यातून आलेले, चारही एकाच जातीचे. मला काही शर्यत लावायची नाही, ती म्हणाली, मला रोज पोरीला घेऊन पूल ओलांडायचाय. उद्या येते, असं सांगून ती निघाली. बरोबर निवडलं, या समाधानात तिचा दिवस बरा गेला.

घरी येऊन तिने सकाळचा प्रसंग निम्मा गाळून सांगितला आणि म्हणाली, "बाबा, टायर बदलायला झालेत."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की तिला वाटलं, काहीतरी चुकीचं ऐकलं की काय यांनी. "टायर आहेत की!" ते म्हणाले. "तुझेच आहेत. माळ्यावर."

शेजारच्या शिष्याला हाक गेली, शिडी लागली, आणि जुन्या चादरींत गुंडाळलेले चार टायर खाली आले. आई दारात उभी राहून सगळं सांगत होती. लेकीला लायसन्स मिळालं त्या दिवशीच ह्यांनी ते आणले होते. लेक गाडी नेणार, तर चांगल्या टायरांवर नेऊ दे. तोवर लेकीला नोकरीचं पत्र आलं. मग ते माळ्यावर गेले. मधे एकदा गाडीचे टायर झिजले, तर ह्यांनी बाजारातून दुसरे आणून लावले, पण माळ्यावरच्यांना हात लावू दिला नाही. "मी म्हटलं, अहो, घरात नवे असताना? तर म्हणतात कसे, ते तिचे आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी वर चढून पुसायचे, फिरवून ठेवायचे. एवढं माझं कधी केलं नाही," आई म्हणाली.

लेकीने चादर बाजूला केली. टायर काळेभोर होते, एकही खाच झिजलेली नव्हती. तिने सवयीने बाजू फिरवली आणि अंक वाचले. ते टायर तिच्या पोरीच्या दुप्पट वयाचे होते. नखाने दाबलं तर रबर दबेना, आणि कडेला केसासारख्या बारीक भेगा दिसत होत्या. जुनं ते सोनं ही म्हण ज्याने कुणी केली, त्याच्या डोक्यात रबर नक्कीच नसणार. वापरले नाहीत म्हणून टायर तरुण राहत नाहीत, हे तिला ज्याने शिकवलं तो माणूस समोर उभा होता आणि विचारत होता, "कसे आहेत?"

"छान आहेत, बाबा," ती म्हणाली.

"मग उद्याच लावू. मी येतो बरोबर."

रात्री भांडी विसळताना तिने आईला खरं सांगितलं. आईने हातातलं पातेलं पालथं घातलं. मग म्हणाली, "अगं, सोपं आहे. त्या बेडकाला सांग, नवे लाव आणि म्हण, मास्तर, तुमचेच आहेत. काळं ते काळं, गोल ते गोल. त्यांना आता कुठे एवढं दिसतंय?"

लेकीला हसू आलं, पण दुसरं काही सुचेना. ज्या माणसाने इतकी वर्षं एवढ्या मायेने काही जपलं, त्याला तोंडावर कसं सांगायचं, की बाबा, तुमची भेट माझ्या पोरीला मारेल? तिने बेडकाला फोन केला. आयुष्यभर ज्याने गावाला टायर वाचायला शिकवलं, त्यालाच टायरवरून शेंडी लावायचा बेत असा ठरला. करणाऱ्या तिघांपैकी एकालाही तो मूर्खपणाचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन टायर डिकीत, दोन मागच्या सीटवर घालून बापलेक दुकानात गेले. बेडकाने मास्तरांना वाकून नमस्कार केला, आतल्या खोलीत खुर्ची दिली, चहा मागवला आणि गाडी उचलायला घेतली. माळ्यावरचे टायर पडद्याआड गेले. लेक बाहेर उभी राहिली, मनात चोराचं चांदणं घेऊन. तीन चाकं झाली. चौथं चढत होतं, तेवढ्यात तिला मागे चपलांचा आवाज आला.

मास्तर सरळ पुढच्या चाकाशी गेले, गुडघ्यावर हात टेकून कष्टाने खाली बसले आणि त्यांनी टायरवरून तळहात फिरवला. नव्या टायरला रबराचे बारीक बारीक केस असतात, ते त्यांच्या हाताला लागले. ते हाताकडे बघत राहिले.

"माझ्या टायरांना केस नव्हते," ते म्हणाले. "पुसून पुसून गेले होते."

पितळ उघडं पडलं. बेडूक पाना शोधायचं निमित्त करून चालता झाला. लेक तिथेच उकिडवी बसली.

"मी तुला गाडी शिकवली," मास्तर म्हणाले. "लबाडी कुणाकडे शिकलीस?"

"बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच. टायरांचं नाही. तू मला विचारलं नाहीस, त्याचं." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि मी तरी कुठला खरा? मला काय त्यांचं वय माहीत नव्हतं? ठेवताना अंकांची बाजू भिंतीकडे करायचो, म्हणजे वाचायला नको. काल तू छान आहेत म्हणालीस आणि मला बरं वाटलं. रात्रभर झोप नाही. आत्ता तो चहाही तसाच ठेवला. पोर बसणार आहे गाडीत. उठलो ते हेच सांगायला, की लावू नका म्हणून."

लेकीने त्यांचा दंड धरला. इतक्या वर्षांत या माणसाने तिला कधी म्हटलं नव्हतं, की ये. फोनवर हवापाण्याचं बोलायचा, नातीच्या खोकल्याची चौकशी करायचा आणि आईकडे फोन द्यायचा. ती समजायची, बाबांना काही वाटत नाही. किती मूर्ख होतो आपण, असं तिला फार वाटलं.

"मग टाकून का नाही दिलेत?" तिने विचारलं.

"टाकले असते, तर तू काही आता येत नाहीस, हे कबूल केल्यासारखं झालं असतं," मास्तर म्हणाले. "दरवर्षी म्हणायचो, यंदा टाकू. मग वाटायचं, राहू देत एवढं वर्ष."

"बाबा, मी आलेय ना आता."

"म्हणून तर." मास्तर तिच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले आणि त्यांनी आत हाक मारली. "बेडक्या! पडद्यामागून माझे टायर काढ, आणि रबर कापायची सुरी आण. नुसते फेकलेस तर कुणीतरी उचलून दुसऱ्याच्या गाडीला लावील. त्याच्याही घरी पोर असेल."

चारही टायर बाहेर आले. बेडकाने सुरी पुढे केली, ती मास्तरांनी घेतली आणि पहिल्या टायरच्या कडेला टेकवली. रबर इतकं कडक झालं होतं की पातं आत शिरेना. लेकीने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि जोर लावला, तेव्हा कुठे ते गेलं. उरलेले तीन दुकानदाराला कापावे लागले, कारण तोवर त्या दोघांनाही नीट दिसत नव्हतं.