डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून

मुरलीधर घाटोळे यांच्या तोंडात फोड आला, त्याला त्या रविवारी बारा दिवस झाले होते आणि ही गोष्ट त्यांनी एका जीवालाही सांगितली नव्हती.

तुम्ही म्हणाल, तोंडात फोड काय, सगळ्यांनाच येतो! गुलकंद खावा, मोकळं व्हावं. बरोबर आहे. पण ज्या माणसाचा डावा गाल चार वर्षांपूर्वी आतून काढून टाकलाय आणि तिथे त्याच्याच छातीचं कातडं आणून शिवलंय, त्याचा फोड हा नुसता फोड नसतो.

दीक्षितपुऱ्यातल्या घरी रोज सकाळी लतिकाबाई पाणी भरायला लागल्या, की मुरलीधरराव न्हाणीघरात शिरून कडी लावत. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा आरसा. तोंड उघडायचं ते दोनच बोटं. ऑपरेशननंतर रेडिएशनचा शेक घेतल्यापासून जबडा त्याहून जास्त उघडतच नव्हता. तेवढ्या फटीतून ते आत बघत. जिभेच्या डाव्या कडेला पांढरट ठिपका, भोवती लाल. पहिल्या दिवशी तांदळाच्या दाण्याएवढा होता. आता तुरीच्या दाण्याएवढा झाला होता. की तेवढाच होता आणि त्यांनाच मोठा वाटत होता? देव जाणे. भीतीला काही मापं नसतात.

खरं म्हणजे मापं काढण्यातच त्यांचा जन्म गेला होता. फॅक्टरीत चौतीस वर्षं ते एक्झामिनर होते. तोफेच्या गाड्याचा एकेक सुटा भाग त्यांच्या टेबलावर यायचा, आणि त्यांची सही झाल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. केसाएवढी भेग त्यांच्या नजरेतून सुटत नसे. लोक गमतीनं म्हणत, घाटोळेंच्या घरी पोळी गोल नसली तर तीही रिजेक्ट होते. साफ खोटं! लतिकाबाईंच्या पोळीला नाव ठेवायची त्यांची काय बिशाद होती?

तर त्या फॅक्टरीत त्यांच्या विभागाचा एक कायदा होता. खराब निघालेला पीस दुरुस्तीला जायचा, पण एकदाच. दुरुस्त होऊन आलेला पीस पुन्हा खराब निघाला, तर त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा आणि भंगारात टाकायचा. अपील नाही, रदबदली नाही. हा कायदा मुरलीधररावांच्या हाडात मुरला होता. आणि इथेच त्यांचं चुकलं. न्हाणीघरात टॉर्च धरून उभे असताना त्यांनी स्वतःलाच तो कायदा लावून टाकला. एकदा गाल काढून झाला, तीस वेळा शेक देऊन झाला. म्हणजे दुरुस्ती झाली. आता परत काही निघालं, तर डॉक्टर तरी काय करणार? लाल पट्टा. हे त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. त्यांनी कोणाला विचारलंही नव्हतं. विचारायचीच भीती होती ना.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त जड होती. डॉक्टर अंबरीश पटैरिया.

चाळिशीचा माणूस, पण मुरलीधररावांच्या लेखी देवाच्या खालोखाल. ऑपरेशननंतर मुरलीधरराव नाकात नळी घालून पडले होते, बोलता येत नव्हतं. एके दिवशी त्यांनी पाटीवर लिहून दिलं होतं, 'मुझे जाने दो.' रविवार होता. डॉक्टर घरचं ताट सोडून आले, पलंगाच्या कडेवर बसले आणि दीड तास नुसते बसून राहिले. नळी निघाली त्या दिवशी स्वतःच्या घरची खीर आणून, स्वतःच्या हातानं, चमच्या-चमच्यानं भरवली. त्या खिरीचा अर्धा भाग हनुवटीवरून ओघळला, तोही त्यांनीच पुसला. सख्खा मुलगा काय करेल इतकं! आता डॉक्टर नवीन पेशंटांपुढे त्यांना उभं करत, ‘ये देखो हमारे चाचाजी!’ म्हणत, तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या पोराचा आनंद असे. तो आनंद कोणत्या तोंडानं घालवायचा? फोड असलेल्या तोंडानं?

‘मेळावा होऊन जाऊ दे,’ ते मनाशी म्हणत. ‘मग बघू.’

दवाखान्यात दरवर्षी बरे झालेल्यांचा मेळावा भरत असे. शाल, श्रीफळ, चार शब्द. यंदा मुख्य भाषण मुरलीधररावांचं होतं.

त्यात शुक्रवारी दुष्काळात तेरावा महिना आला. डॉक्टरांनीच पाठवलं म्हणून धनेश आणि राजश्री नावाचं एक तरुण जोडपं घरी आलं. धनेश रेल्वेत कामाला, वय बत्तीस, तोंडावर गमछा. त्याचाही गालच. डॉक्टर म्हणत होते ताबडतोब ऑपरेशन करा, आणि हा बाबा कागदावर सही करायला तयार नव्हता. पूर्ण वेळ फरशीकडे बघत बसला. बोलली ती राजश्रीच.

“काका, एक विचारू? तुमचं परत तर नाही न आलं?”

मुरलीधररावांच्या जिभेची डावी कड दाढेला घासली. कळ थेट कानात गेली.

“नाही,” ते म्हणाले.

“बघा!” राजश्री नवऱ्याला म्हणाली. “मी काय सांगून राहिली तुम्हाला!”

ते दोघं गेल्यावर मुरलीधररावांना घास जाईना. चौतीस वर्षांत त्यांनी खोट्या मालावर कधी सही केली नव्हती.

रविवारी सकाळी मेळाव्याला जाताना कमानिया गेटपाशी ऑटो अडकली, तेव्हा त्यांना वाटलं, अशीच संध्याकाळपर्यंत अडकून राहिली तर बरं. लतिकाबाई शेजारी गप्प बसल्या होत्या. एरवी तेवढ्या रस्त्यात त्यांनी चार दुकानांची, दोन नातेवाइकांची उजळणी केली असती.

“तू काहून बोलून नाही राहिली?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही तरी कुठे बोलून राहिले?” त्या म्हणाल्या, आणि परत बाहेर बघायला लागल्या.

दवाखान्याचं सभागृह गच्च भरलं होतं. एकेकाला बोलावून शाल घातली जात होती. प्रत्येक जण माईकवर येऊन डॉक्टरांचे, सिस्टर लोकांचे, आया-वॉर्डबॉयचे आभार मानत होता. कोणी रडत होतं, कोणी नुसतं हात जोडून उतरत होतं. कँटोनमेंटच्या बाजूला, सदरमध्ये राहणाऱ्या बेबीताईंनी तर डॉक्टरांची दृष्टच काढली, भर मंचावर, मीठ-मोहरी घेऊन! छातीचं ऑपरेशन होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. सगळे हसले. मुरलीधररावही हसले, आणि हसताना जीभ दाढेला लागली.

मग त्यांचं नाव आलं. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना पुढे आणलं.

“चार साल!” डॉक्टर माईकमध्ये म्हणाले. “चार साल हो गए, और एक दाग़ नहीं! पूछिए चाचाजी से!”

टाळ्या पडल्या. मुरलीधररावांनी खिशातून भाषणाचा कागद काढला. घडी उलगडल्याचा आवाज माईकमधून आला. दुसऱ्या रांगेत राजश्री बसली होती, आणि तिच्या शेजारी धनेश. पहिल्यांदाच त्याची मान वर होती. गमछ्याच्या वर ते दोन डोळे अगदी सरळ त्यांच्याकडे लागले होते. हा पोरगा आता आपल्या शब्दावर सही करणार, हे मुरलीधररावांना लख्ख कळलं. खरं सांगावं तर तो उठून जाईल, आणि मरेल. खोटं सांगावं तर… समोरची माणसं चुळबुळ करायला लागली. त्यांनी कागदाची परत घडी केली आणि खिशात ठेवली.

“डॉक्टर साहब ने मुझे जिलाया,” ते म्हणाले. जबड्यामुळे त्यांचे शब्द जरा चावल्यासारखे येत. “ये बात सच्ची है. मैं मर गया था. ये घर से खीर लाए.”

टाळ्या पडायला लागल्या. त्यांनी हात वर केला.

“पर दाग़ है. जीभ पर. बारह दिन से है. मैंने छुपाया. परसों इस लड़के से भी झूठ बोला.”

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. चौथ्या रांगेत लतिकाबाईंनी पदर तोंडाशी नेला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्याच्यातला जीव गेला होता. नेमकं हेच मुरलीधररावांना बघायचं नव्हतं.

मग डॉक्टरांनी त्यांचा दंड धरला, माईकमध्ये “दो मिनट” म्हटलं आणि त्यांना खाली उतरवून सभागृहाला लागूनच असलेल्या तपासणीच्या खोलीत नेलं. मागून लतिकाबाई आल्या. बाहेर सिस्टरनं बेबीताईंच्या हातात माईक देऊन भजन म्हणायला लावलं. लोकांना काहीतरी ऐकवायला तर हवं होतं.

“बैठिए,” डॉक्टर म्हणाले. हातमोजे चढवता चढवता भडकले. “बारह दिन! क्यों छुपाया?”

“आपको बुरा लगेगा करके.”

“मैं आपका दामाद हूँ, कि बुरा मान जाऊँगा?”

मुरलीधरराव खाली बघत म्हणाले, “और हमारे यहाँ, साहब, दुरुस्ती एक ही बार होती है. दूसरी बार निकला तो लाल पट्टा. भंगार.”

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसले.

“चाचाजी, आप तोप नहीं हैं,” ते हळूच म्हणाले. “दूसरी बार भी इलाज होता है. कठिन होता है, पर होता है. मुँह खोलिए.”

दिवा लागला. आरसा आत गेला. मग डॉक्टरांची बोटं जबड्याखाली, मानेवर, एकेक जागा दाबत सावकाश फिरली. मुरलीधरराव डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. तपासताना माणूस काही दिसलं की कुठे थबकतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! डॉक्टर एकदा थबकले.

“पीछे की दाढ़ टूटी है,” डॉक्टर म्हणाले. “उसकी धार जीभ को काट रही है.”

“म्हणजे दातामुळे आहे?” लतिकाबाई एकदम पुढे आल्या.

“हो सकता है. और नहीं भी हो सकता. गले में गाँठ नहीं लग रही, ये अच्छा है. कल सुबह छोटा टुकड़ा निकालूँगा, जाँच को जाएगा. हफ़्ते भर में पता चलेगा. आज मैं कुछ नहीं कहूँगा.”

म्हणजे अजून आठ दिवस. आठ सकाळी, आठ रात्री. मुरलीधररावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा लतिकाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “आठ दिवसांपासून तुम्ही उजवीकडूनच चावून राहिले. मी वरणात तिखट घालणं बंद केलं, तेही तुमच्या लक्षात नाही आलं.”

“मग विचारलं काहून नाही?”

“विचारलं असतं, तर तुम्ही हो म्हटलं असतं.”

मुरलीधररावांनी लतिकाबाईंचा हात धरला. थंडगार होता.

एवढ्यात बाहेरचं भजन मध्येच तुटलं. पहिली ओळ झाली, दुसरी अर्धी झाली, आणि आवाज बंद. माईक गेला असेल असं डॉक्टरांना वाटलं. हात पुसून त्यांनी दार उघडलं.

दाराबाहेर रांग लागली होती.

सगळ्यांत पुढे बेबीताई. अंगावर शाल, हातात नारळ, आणि मघाशी दृष्ट काढणारी ती बाई आता लहान पोरीसारखी रडत होती. “डॉक्टरसाहेब, हमको भी दिखाना था. काख में कुछ लगता है. दिवाली से.” त्यांच्या मागे एक मास्तर होते, त्यांना महिन्याभरापासून खोकला होता. त्यांच्या मागे एक बाई, तिच्यामागे आणखी दोघं. सगळ्यांच्या अंगावर शाली, सगळ्यांच्या हातात श्रीफळं. सगळ्यांत शेवटी एक म्हातारबाबा उभे होते. ते म्हणाले, “हमें कुछ नहीं है. लाइन देखी तो लग गए.”

डॉक्टर चौकटीला हात लावून उभे राहिले. मग चष्मा काढला, बाहीनं डोळे पुसले, आत जाऊन परत दिवा लावला.

मुरलीधरराव बाहेर येऊन बाकावर टेकले. समोर सभागृहाच्या दारात धनेश उभा होता. गेला नव्हता. गमछा गळ्यात उतरवलेला, सुजलेला गाल उघडा, आणि तो त्या रांगेकडे बघत होता.

बेबीताईंचा पाय काही उचलत नव्हता.

“भाऊ,” त्यांनी विचारलं, “भीती गेली का हो, सांगितल्यावर?”

मुरलीधररावांनी खोटं बोलायचं सोडलं होतं.

“नाही गेली,” ते म्हणाले. “आत्ताही लागूनच राहिली. पण तुम्ही जा. मी इथेच बसतो. तुमचं काय ते कळल्याशिवाय हलत नाही.”

बेबीताईंनी नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला, शाल उतरवून त्यावर ठेवली आणि आत गेल्या. मागच्या मास्तरांनीही आपला नारळ पुढे केला. मग त्या बाईंनी. लतिकाबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनीही पदर पसरला, कारण एका मांडीवर आता ते सगळं मावत नव्हतं.