तुला पगार किती?

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की रेनाटा प्रुझिन्स्कीची धावपळ उडायची. एक मेच्या आत तीनशे डॉलर भरून प्रवेश पक्का करायचा असे, आणि ज्या मुलांनी अजून भरले नाहीत त्यांच्या मागे फोन करकरून लागायचं, हे तिचं काम. पाच वर्षांपूर्वी ओहायोतल्या याच कॉलेजातून ती कम्युनिकेशनची पदवी घेऊन बाहेर पडली होती आणि फिरून याच इमारतीत, प्रवेश विभागात येऊन बसली होती. दिवसभर टेबलाखाली तिचा एक पाय हलत असायचा.

त्या सोमवारी यादीत टॅमसिन ऑयलर नावाची मुलगी होती. तिलाही कम्युनिकेशनच शिकायचं होतं. फोन तिच्या आईने उचलला. लोरेटा ऑयलर शाळेची बस चालवायची. दुपारच्या फेरीला अवकाश होता म्हणून गाडीतच बसली होती.

"कागद सगळे वाचलेत मी," ती म्हणाली. "स्कॉलरशिप वजा जाऊनही वर्षाला चोवीस हजार उरतात. थोडं कर्ज पोरीच्या नावावर, बाकी माझ्या. हे शिकून नोकरी लागते का?"

"आमच्या नव्वद टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना सहा महिन्यांत..." रेनाटाने पाठ केलेलं सुरू केलं.

"ते छापलंय गं त्यात. तू काय शिकलीस?"

"हेच. इथेच."

"मग तुला पगार किती?"

रेनाटाने मान वर केली. काचेपलीकडे तिचा साहेब, गॉर्डन, कुणाशी तरी हसत बोलत होता. फोन रेकॉर्ड होतात हे तिला ठाऊक होतं. असल्या प्रश्नाला 'प्रत्येकाचा मार्ग वेगळा असतो' असं उत्तर ठरलेलं होतं. ते ओठांपर्यंत आलंही.

"महिन्याला हातात सत्तावीसशे येतात," ती म्हणाली. "कर्जाचा हप्ता चारशे तीस. घरभाडं नऊशे. चव्वेचाळीस हजार घेतले होते. मध्ये काही महिने हप्ते थकले. अजून छत्तीस बाकी आहेत."

पलीकडे लोरेटाने बसचं इंजिन सुरू केलं.

"बस चालवून मला काही फार कमी मिळत नाही यापेक्षा," लोरेटा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच रेनाटाला जास्त लागलं. "खरं बोललीस, पोरी. बरं झालं."

गुरुवारी टॅमसिन स्वतःच येऊन तिच्या टेबलासमोर उभी राहिली. दीड तास गाडी हाकत आली होती. किल्ली अजून मुठीत होती.

"रेनाटा तुम्हीच ना? माझ्या आईला फितवलंत त्या?"

लोक बघायला लागले. रेनाटाने कोट उचलला आणि तिला बाहेर नेलं. बसून बोलणं दोघींनाही जमण्यासारखं नव्हतं. पार्किंगभोवती त्या फेऱ्या मारत राहिल्या.

"आमच्या शाळेच्या फुटबॉलचं समालोचन मी करते," टॅमसिन म्हणाली. "शुक्रवारी अख्खं गाव रेडिओला कान लावून असतं. आणि तुम्ही एका फोनमध्ये सगळं बंद पाडलंत!"

"मी नको म्हटलं नाही. विचारलं तेवढं सांगितलं."

"तुमचं नाही जमलं, म्हणून मी घरी बसू?"

"घरी कशाला बसतेस? तुमच्याकडच्या स्वस्त सरकारी कॉलेजात दोन वर्षं काढ. तिसऱ्या वर्षी इथे ये. कर्ज निम्म्यावर येईल."

"म्हणजे मैत्रिणी सगळ्या जाणार आणि मी तिथेच, त्याच त्याच तोंडांत!"

"हो," रेनाटा म्हणाली.

"तुम्हाला पस्तावा होतो?"

"शिकताना मजा आली. खोटं कशाला सांगू? पण शिकले त्या कामाला एक दिवससुद्धा हात लावलेला नाही मी. एका रेडिओ केंद्रात बोलावलं होतं मला. बावीसशे देत होते. हप्ता आणि भाडं देऊन त्यात भागणार नव्हतं, म्हणून इथे आले."

टॅमसिन थांबली. किल्ली या हातातून त्या हातात केली. मग गाडीत बसून निघून गेली.

शुक्रवारी सकाळी गॉर्डनने कागद पुढे सरकवला. "लेखी समज आहे. तुझं कर्ज हा कॉलेजचा विषय नाही."

"त्यांनी विचारलं होतं."

"सगळेच विचारतात गं. सांगतेस तू एकटीच."

राजीनामा तोंडावर फेकावा असं तिला फार वाटलं. छत्तीस हजार डोक्यावर घेऊन तो फेकता येत नाही. तिने सही केली. त्या संध्याकाळी मात्र कोट न काढताच ती संगणकापुढे बसली आणि सापडेल तिथे अर्ज धाडत सुटली.

एक मे उलटला. टॅमसिनच्या नावापुढचा रकाना रिकामाच राहिला. हे आपण बरं केलं की पोरीचं नुकसान केलं, या विचाराने रेनाटाची झोप उडाली.

ऑगस्टमध्ये ऑफिसच्या फोनवर टॅमसिनने रेकॉर्ड करून ठेवलेला निरोप आला: "सरकारी कॉलेजात नाव घातलंय. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. आईच्या नावावर कर्ज नाही, एवढंच कळवते."

रेनाटाने तो दोनदा ऐकला. उलट फोन करायला मात्र ती धजली नाही.

सप्टेंबरात तिला जिल्ह्याच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी लागली. पाइप फुटला, पाणी उकळून प्या, अमक्या रस्त्यावर उद्या पुरवठा बंद, असल्या सूचना लिहायच्या आणि चिडलेल्या लोकांना समजवायचं. हातात एकतीसशे. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने, सूचनेतलं काही कळत नाही म्हणून, फोनवर तिला अर्धा तास फैलावर घेतलं. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं, ती सूचना फाडून टाकली आणि त्याला कळेल अशी पुन्हा लिहायला घेतली.