रेघेवरचा हिरवा गोळा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी नळी, तीन भिंगे आणि खाली उजेड पकडणारा गोल आरसा, एवढाच माझा देह. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या डॉक्टरने मला बंगळूरच्या शिवाजीनगरात विकले. तिथून १९५४ साली मी मुलींच्या एका शाळेत आलो.

तिथे कृष्णाबाई विज्ञान शिकवत. मुली त्यांना अक्का म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याखाली अमीबा ठेवला. म्हणाल्या, "हा एकपेशीय. खाणं, सरकणं, एकाचे दोन होणं, सगळं एकाच पेशीत. आपण बहुपेशीय. आपल्या पेशींनी कामं वाटून घेतलीत."

मित्रांनो, त्या वर्गात अहल्या नावाची मुलगी होती. एकदा तिने लालबागेच्या तळ्यातले पाणी आणले, माझ्या नळीला डोळा लावला आणि बराच वेळ जागची हललीच नाही. पाण्यात हिरवे गोळे गरगरत होते. गोळ्यावर शेकडो ठिपके आणि पोटात आणखी छोटे गोळे. तो होता व्हॉल्व्हॉक्स.

वार्षिक परीक्षेत सजीवांची एकपेशीय आणि बहुपेशीय अशी वाटणी करायची होती. अहल्येने व्हॉल्व्हॉक्स दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहिला. पुस्तकात तो एकपेशीय होता. अक्कांनी दोन गुण कापले आणि तेवढ्याने तिची विज्ञान शाखा हुकली.

दुसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन आली. "अक्का, स्वल्प बघता का?"

"पुस्तक चुकलं म्हणतेस?"

"तसं नाही. पण ठिपके मोजून संपेनात. मग एकच पेशी कशी?"

अक्कांनी माझा आरसा फिरवला. पाहता पाहता त्यांचा चहा निवला.

"बरेचसे ठिपके नुसते पोहतायत," त्या हळूच म्हणाल्या. "पिल्लं मोजकेच करतात. कामं वाटायला सुरुवात झालीय खरी. पण याला बहुपेशीय म्हणावं का, मला सांगता येईना."

मग त्या सगळ्या वर्गासमोर बोलल्या, "अहल्या बघून लिहिली. मी न बघता तपासलं. चूक माझी." दोन गुण परत मिळाले आणि अहल्या विज्ञान शाखेत गेली.

१९६६ साली विजेच्या दिव्याचा नवा सूक्ष्मदर्शक आला. मी कपाटात गेलो. दोन पावसाळ्यांत भिंगांवर बुरशीचे तंतू पसरले. तीही बहुपेशीयच असावी, पण तिला पाहायला कोणी आले नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊ असेल. त्याची भिंगे मऊ कापडाने पुसा, ओल लागू देऊ नका. मुख्य म्हणजे त्याला वापरा. कोणी पाहीनासे झाले, की आम्ही आंधळे होतो.