सासूच्या सरणाची लाकडं

माझी सासू भामाबाई मरायच्या बेतात अजिबात नव्हती. तब्येत ठणठणीत. सकाळी घरातल्या सगळ्यांना नावं ठेवल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नाही. पण आपल्याला जाळायचं कुठं, हे तिचं पक्कं ठरलेलं: खाडीकाठच्या गावच्या स्मशानात, उघड्यावर, लाकडांवर, सासऱ्यांना जाळलं तिथंच. आणि तिथं जाळणं बंद व्हावं म्हणून अर्ज कुणी केला? तिच्याच पोटच्या पोराने. म्हणजे माझ्या नवऱ्याने.

भावेश बिल्डर आहे. पनवेलजवळच्या आमच्या भातशेतीवर त्याने टॉवर उभा केला, आम्हीही त्यातच राहतो. पुढच्या बाजूचे फ्लॅट हातोहात गेले. मागच्या बाल्कन्यांतून मात्र स्मशान दिसतं. गिऱ्हाईक येतं, किचन बघून खूश होतं, बाल्कनीत जातं आणि बुकिंग न करताच सटकतं. म्हणून भावेशने सोसायटीचे सेक्रेटरी विनायकराव यांना हाताशी धरलं. ते पुण्याहून आलेले निवृत्त साहेब, अर्ज लिहिण्यात त्यांचा हात कोण धरणार! उघड्यावरच्या चितांना कायद्याने बंदी घाला, गॅसदाहिनी सक्तीची करा, असा तो अर्ज. त्यांच्या बायकोला दमा आहे हे खरं, वारा फिरला की धूर थेट त्यांच्या हॉलमध्ये शिरतो हेही खरं. त्या बाईची मला कीव येते. माझ्या नवऱ्याची मात्र येत नव्हती.

सुनावणीची तारीख लागली आणि घरात भडका उडाला. भावेश आईला समजावत बसला की गॅस स्वच्छ, झटपट, झाडं वाचतात, जगभर असंच करतात. सासूने सगळं ऐकून घेतलं.

"आन् तुझा काका लाकूड कुठं ठेवील? शेगडीवर?"



आमच्या गावात मयत झालं की घरटी एक लाकूड येतं. भांडण असो, कोर्टात केस असो, लाकूड आणायचंच. आणि ज्याने लाकूड घातलं त्याने चिता विझेपर्यंत घरच्यांशेजारी बसायचं. तिथं बसल्या बसल्या गावातली निम्मी वैरं मिटली आहेत. भावेशचा सख्खा काका काशिराम, सरकारने जमिनी घेऊन मोबदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून आमच्याशी बोलत नाही. सासरे गेल्यानंतर हे भांडण लागलं. काका-पुतणे दोघंही एका माळेचे मणी. काका हळदीला आले नाहीत, बारशाला आले नाहीत. आता उरलं होतं ते सासूचं मरण. आपण मेल्यावर काशिराम लाकूड घेऊन येईल, भावेशशेजारी बसेल आणि दोघं बोलतील, एवढ्याच आशेवर बाई मरणाकडे डोळे लावून होती. गॅसदाहिनीत कुणी लाकूड घालत नाही. मग काका येईल कशाला?

हे सगळं माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी नवऱ्यावर अशी उखडले की बिचारा साइटवरच जेवायला लागला.

सासूने मात्र डोकं चालवलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, गावात जाऊन घरोघर सांगून आली की बंदी येते आहे, माझं लाकूड आताच द्या, मागाहून कोण देऊ देणार नाय. काशिरामकाकांच्या घरात ती गेली नाही. दारासमोर उभी राहून त्यांच्या शेजारणीला सांगितलं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात.

दुपारी टॉवरमागच्या मोकळ्या जागेत लाकडं यायला लागली. कुणी डोक्यावरून आणलं, कुणी स्कूटरवर आडवं घालून, एक ओंडका तर रिक्षातून उतरला. सासू खुर्ची टाकून बसलेली. स्वतःच्या सरणाची लाकडं वांगी निवडावीत तशी निवडत होती. ओली निघाली ती परत पाठवली.

शेवटी काका आले. खांद्यावर बाभळीचा ओंडका, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. ओंडका त्या वयाला झेपणारा नव्हता. फाटकाशी ते अडखळले तसा भावेश पुढे झाला आणि त्याने दुसरं टोक धरलं. दोघांनी तो ढिगावर टाकला. काका लगेच माघारी वळले.

"लाकूड घातलंस ना? मग बस," सासू म्हणाली. "चिता विझल्याबिगर कोण जातो?"

"वैनी, तू जिती हायस. पेटलीच नाय तर विझंल कशी?"

"पेटवते मग."

आणि बाईने खरंच पेटवलं. विटा मांडून चूल केली. सरणाच्या लाकडांवर स्वैपाक म्हटल्यावर बायकांनी कानांवर हात ठेवले. मी मरेपर्यंत ती चुलीचीच लाकडं, असं सासूने दटावलं आणि विषय संपवला. मला बोंबलाचं कालवण करायला बसवलं, स्वतः तांदळाच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. धूर असा उठला की मागचे मजले दिसेनासे झाले.

विनायकराव धावत आले. नाकाला रुमाल, हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. भामाबाईंच्या सरणाची लाकडं आली, एवढंच वॉचमनने त्यांना सांगितलेलं. त्यामुळे तक्रार करावी की सांत्वन, अशी त्यांची पंचाईत झाली होती. त्यांनी दोन्ही केलं. भावेशचा हात धरून फार वाईट झालं म्हणाले, आणि त्याच दमात हे आवारात बेकायदेशीर आहे असंही म्हणाले. मयत तेव्हा भाकरी उलटत होतं. मयताने त्यांना विचारलं, तिखट चालतं का. विनायकरावांनी मोबाईल खिशात घातला आणि जागा बघितली.

भावेश आणि काका एकाच ओंडक्यावर बसले, कारण दुसरीकडे जागा नव्हती. सासूने ती ठेवलीच नव्हती. आधी कालवणात आंबट जास्त झालं यावर दोघांचं एकमत झालं. माझ्या स्वैपाकाला नावं ठेवून का होईना, बोलले. मग काका ताटाकडे बघत म्हणाले की प्लॉटचं एकदा बसून बघू. बघू, भावेश म्हणाला. सासऱ्यांच्या वेळीही न रडलेल्या माझ्या सासूने पदराने डोळे पुसले आणि धुराला शिव्या घातल्या.

माणसं पांगली. निखारे मंदावले. काकांनी चपला घातल्या तेव्हा सासू भावेशला म्हणाली, "तुझा अर्ज चालव तू. मना आता गॅसवर घाल, नायतर कुठंबी घाल. मना बगायचं होतं ते मी बगितलं."

मला वाटलं, सुटला माझा नवरा. फ्लॅट खपणार. पण तो तिच्या खुर्चीपाशी खाली मातीतच बसला.

"नाय आये. सगला गाव सोडून मी त्या गॅसपाशी एकलाच उभा रावू काय?"

काकांनी चपला काढल्या आणि येऊन परत बसले.