शिवणीत जाणारे कापड

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या गजांवर आले, तिथे थोडे रेंगाळले आणि मग, आत यावे की नाही हे ठरत नसल्यासारखे, हळूहळू टेबलावर उतरले. टेबलाच्या कडेचा टवका, शाईचा जुना डाग, चष्म्याच्या मिटलेल्या काड्या, रिकामा कप. वाटेत येईल त्याला ते सारख्याच सबुरीने स्पर्श करत गेले. त्याच्या पट्ट्यात खडूची धूळ तरंगत होती. एकतीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरात ती कुठून ना कुठून निघतच राहते. सर त्या धुळीकडे पाहत होते. समोर बसलेल्या शिंप्याकडे पाहण्यापेक्षा ते सोपे होते.

शिंपी कोट घेऊन आला होता. पुढच्या आठवड्यात सरांच्या निवृत्तीचा समारंभ होता आणि कोट पोटावर आवळत होता, म्हणून सरांच्या पत्नीने, बाईंनी, तो सैल करायला टाकला होता. कोट दारामागे लटकला, चहा झाला, तरी शिंपी उठेना. मग त्याने खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला आणि तळहाताने इस्त्री केल्यासारखा टेबलावर सपाट केला. ती एका उत्तरपत्रिकेच्या पानाची झेरॉक्स होती.

सरांनी पान ओळखले. गेल्या वर्षीच्या निवड परीक्षेतले हे गणित त्यांनीच काढले होते, उत्तरही त्यांनीच ठरवले होते. पोलोनियमचे जागी स्थिर असलेले केंद्रक फुटते, त्यातून अल्फा कण बाहेर पडतो; मुक्त झालेली ऊर्जा दिली आहे, कणाचा वेग काढा. उत्तर, सेकंदाला एक कोटी एकसष्ट लाख मीटर. शिंप्याच्या मुलीने एक कोटी साठ लाख लिहिले होते. त्यावर लाल फुली होती आणि समासात शून्य. तीन गुणांचे गणित. विज्ञान संस्थेतली जागा तिची दोन गुणांनी गेली.

पोरे सरांना मागून दशांश म्हणत. दशांश चिन्हानंतरचा एक आकडा हलला तरी ते गुण कापत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. निकालाची यादी लागण्याआधीच ती मुलगी पेपर पाहून शिक्षकांच्या खोलीत आली होती. केंद्रक मागे सरकते, त्यालाही ऊर्जेचा वाटा जातो, असे काहीसे ती हळू आवाजात सांगत होती. सरांनी तिला पुरते बोलूही दिले नव्हते. उत्तरपत्रिका ही हुज्जत घालायची जागा नव्हे, एवढे म्हणून त्यांनी पुढची वही उघडली होती. नंतर ती बापाच्या दुकानात काजे-बटणे करू लागली. थंडीत ताप मेंदूत गेला आणि नवव्या दिवशी सगळे आटोपले. बाईंनी ही बातमी सांगितली तेव्हा सर जेवत होते. त्यांनी पान संपवले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

"मला आता काही नको, सर," शिंपी म्हणाला. "जागा नको, गुण नको. कुणाला देणार? पण ती शेवटपर्यंत विचारत होती, बाबा, माझं चुकलं कुठं? तेवढं सांगा."

सरांनी घसा साफ केला. जवळपास आले होते, पण उत्तरपत्रिकेत जवळपास चालत नाही, असे ते म्हणाले. आवाज वर्गातला होता. या खोलीत तो मोठा वाटला.

"अहो, एकदा करून बघा ना," बाई दारातून म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्यात. एक तपासायला काय जातंय?"

शिंप्याने मान खाली घातली. मुलीने आपल्याला ते दुकानात समजावले होते, असे तो सांगू लागला. "मी म्हटलं, अगं, एवढासा कण सुटला तर मागचा धोंडा कशाला हलेल? तर मला म्हणते, बाबा, तुम्ही दोन मीटर कापड घेता तेव्हा दोन्ही मीटर अंगावर येतं का? शिवणीत जातं ते धरता की नाही? इथं शंभर हातांतलं दोन हात शिवणीत जातं. ते धरलं नाही, तर माप चुकणार." त्याने कागदाची घडी पुन्हा सपाट केली. "मला आकडे कळत नाहीत, सर. पण कापड कळतं. म्हणून तेव्हापासून झोप नाही."

सरांनी कागदावरच्या ओळींवरून बोट फिरवले. वजनाचे चार भाग कणाचे, दोनशे सहा भाग मागे उरलेल्याचे. एकूण ऊर्जा तेवढीच. पण ती वाटून घ्यायला दोघे. हे काही नवे नव्हते. तरुणपणी ते हे स्वतः शिकवत. मग कधीतरी, मुलांना सोपे जावे म्हणून, जड केंद्रक जागचे हलत नाही असे धरा, असे म्हणू लागले. आणि धरता धरता ते खरेच हलत नाही असे त्यांना वाटू लागले होते.

"ते लॉग टेबलांचं पुस्तक द्या," ते म्हणाले.

बाईंनी स्टुलावर चढून कपाटावरून ते काढले. त्यावर वर्षभराची धूळ होती. हे पुस्तक सरांना रोज लागे. वर्षभर का लागले नाही, हे बाईंनी विचारले नव्हते. त्यांनी ते पदराने पुसले, टेबलावर ठेवले, आणि ते आपोआप एका पानाशी उघडले, कारण त्या पानात एक चिठ्ठी होती.

शिंप्याने ती उचलली. पेन्सिलीने केलेले गणित होते, सहा ओळींचे. त्याला वाचता आले ते खालचे उत्तर, कारण तो आकडा त्याला पाठ झाला होता.

"हे तर तिचंच," तो म्हणाला. "एक कोटी साठ लाख." मग त्याने चिठ्ठी उजेडात धरली. "अक्षर तिचं नाही. कुणाचं आहे हे, सर?"

ऊन टेबलावरून सरांच्या हातावर आले होते. हात त्यांनी मागे घेतला नाही. बाई स्टुलाला धरून उभ्या होत्या.

"माझं," सर म्हणाले.

शिंप्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. चिठ्ठीच्या कोपऱ्यात तारीख होती. एवढी शिस्त सरांनी कधीच सोडली नव्हती. ती मुलगी शिक्षकांच्या खोलीतून परत गेली, त्याच दिवसाची ती तारीख होती. यादी लागायला तेव्हा चार दिवस होते.